निजलेल्यांची वाळू

हाताने मेणबत्ती वाळूत खोचली, आणि मग देस्पिनाच्या ध्यानात आलं की ही वाळू बाबांची नव्हे. चर्चच्या आवारात भिंतीला लागून असलेली ती पत्र्याची पेटी ती लहान असल्यापासून होती तशीच होती. वर काजळीने काळवंडलेलं छप्पर, आत वाळूने भरलेले दोन कप्पे, एकावर पाटी ‘जिवंत’, दुसऱ्यावर ‘निजलेले’. दर शुक्रवारी शाळेत शिकवून झालं की ती दोन मेणबत्त्या विकत घ्यायची, बारीक, पिवळ्या, हाताला किंचित चिकटणाऱ्या. एक निजलेल्यांत, आईसाठी. मग जरा डावीकडे सरकून दुसरी जिवंतांत, बाबांसाठी. आज ती सरकलीच नाही. आईच्या ज्योतीवर बाबांची मेणबत्ती पेटवली आणि तिथेच, आईच्या खांद्याला खांदा लावून उभी करावी तशी, उभी केली. चूक साधी होती. ज्यांची अंथरुणं आयुष्यभर शेजारी शेजारी घातलेली पाहिली, त्यांना हात शेजारीच ठेवणार. पण जिवंत माणसाची मेणबत्ती त्या वाळूत लावणं म्हणजे त्याचं मरण मागणं, हे ब्राइला गावातलं शेंबडं पोरही सांगेल. दावा धरून असलेल्या बायका मुद्दाम तसं करतात, असं आई दबक्या आवाजात सांगायची. आणि चुकून झालंच तर काय करायचं तेही सांगायची. उपटायची, छातीवर क्रूस करायचा, पलीकडे लावायची, संपलं. बुटातला खडा काढायला लागतो त्याहून जास्त वेळ लागत नाही. देस्पिनाने हात पुढे केलाही. मग तो हात परत आला आणि कोटाच्या खिशात गेला.

डॅन्यूबवरून वारा येत होता. मार्चचा वारा, उन्हात उभं राहिलं तरी मानेच्या मागे बोट लावून जाणारा. दोन्ही ज्योती एकदम वाकत, एकदम सरळ होत. ती पाहत राहिली. तिच्या मनात मरण नव्हतं. पुढे ते सगळं स्वतःशी उलटसुलट करून पाहताना तिने हे अनेकदा बजावून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. तिच्या मनात एक खोली होती. खिडकी सताड उघडी, पलंगावरची चादर काढलेली, गादी भिंतीला टेकवून उभी केलेली, आणि कसलाही वास नाही. त्या खोलीत कुणी हाक मारत नव्हतं. मग मंगालियाचा किनारा होता, हंगाम संपल्यावरचा, बंद छत्र्या आणि वाळूवर एक कुत्रं, आणि ती स्वतः मांडीवर न उघडलेलं पुस्तक घेऊन बसलेली. आत्ता जिथे ती उभी होती तिथून त्या खोलीपर्यंतचा रस्ता तिने पाहिलाच नव्हता. वर्गातली मुलं अवघड धडा सोडून पुढचा सोपा वाचतात, तसं तिने मधलं वगळलं होतं. एवढं खरं की छाती हलकी झाली होती. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा श्वास तळापर्यंत गेला होता, आणि तो तिथे गेला ह्याचं कारण समोरच्या वाळूत जळत होतं.

पारास्किवा पत्र्याचा डबा घेऊन आली. चर्चमधल्या मेणबत्त्या विकायचं आणि विझलेली थोटकं उचलायचं काम तिच्याकडे होतं. तिने दोन ज्योती पाहिल्या, मग देस्पिनाच्या तोंडाकडे पाहिलं. डबा खाली ठेवला.

“बाबा गेले का गं?”

आता नाही म्हणायचं होतं. नाही हो, हात चुकला, बघा ना कशी वेंधळी मी, आणि दोघी हसल्या असत्या, पारास्किवाने स्वतःच मेणबत्ती उपटून पलीकडे लावली असती. देस्पिनाने मान खाली घातली.

“देव त्यांना क्षमा करो,” पारास्किवा म्हणाली. “भला माणूस. आमच्या ह्यांना बोटीवर त्यांनीच चिकटवलं. फार हाल झाले का?”

“नाही,” देस्पिना म्हणाली. “झोपेतच.”

शब्द इतक्या सहज आले की जणू कुठेतरी घडी घालून ठेवले होते. पारास्किवाने तिचा हात आपल्या मेणाने खरखरीत झालेल्या हातांत घेऊन दाबला, आणि देस्पिनाने तो दाबू दिला. सांत्वन घेतलं. पेत्रानेही येशूला पहिल्यांदा नाकारलं ते एका दासीपुढेच, कुण्या शिपायापुढे नव्हे, हे तिला फाटकाबाहेर आल्यावर आठवलं. वाचलेलं असं नेहमी उशिरा यायचं, पाहुणे गेल्यावर चहा यावा तसं. पण पेत्र निदान भ्यालेला होता. तिला कुणाची भीती होती?

ती सरळ घरी गेली नाही. चौकातल्या मिठाईच्या दुकानात खिडकीजवळच्या टेबलाशी बसली आणि अक्रोडाची वडी मागवली. ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता, दूध, लोणी, अंडं सगळं वर्ज्य. तिने मुलीला विचारलं, यात लोणी नाही ना? मुलगी म्हणाली, उपासाचीच आहे. तिने पुन्हा विचारलं, पाटावर लाटताना लोणी लावत नाहीत ना? मुलगी कंटाळून आत विचारून आली. नाही म्हणाली. तेव्हा कुठे देस्पिनाने पहिला घास घेतला, सावकाश, शुद्ध मनाने. कॉफी बिनदुधाची घेतली. बाहेर लोक येत जात होते. बाप घरी एकटा पडला होता, आणि ती वडीतल्या लोण्याची चौकशी करत बसली होती. ही गोष्ट पुढे तिला मेणबत्तीपेक्षाही जास्त छळणार होती. ते झालं त्यात निदान काही भयंकरपणा होता. ह्यात नुसता खमंगपणा.

बाबांचं नाव तनासे. समुद्रातून येणारी जहाजं नदीतून बंदरापर्यंत आणणारे वाटाडे होते ते, तीस-एक वर्षं. गाळ कुठे सरकला, बेट कुठे वाढलं, सगळं डोक्यात. ग्रीक कप्तान, तुर्की कप्तान, एकेकाचा दिमाख ते शिडीवरून चढता चढता उतरवायचे. आता शरीराचा उजवा भाग त्यांचं ऐकत नव्हता, जीभ तर आधीपासूनच कुणाचं ऐकत नव्हती. देस्पिनाने त्यांचं अंग पहिल्यांदा पुसलं त्या दिवशी दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बायबलातला नोहा दारू पिऊन उघडा पडला होता, तेव्हा त्याचे दोन मुलगे पाठमोरे चालत गेले आणि न बघता त्याच्यावर वस्त्र टाकलं. ज्याने पाहिलं त्याच्या वंशाला शाप मिळाला. पण पाठमोरं राहून बापाला पुसता येत नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. तिने पाहिलं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघायचा प्रयत्न केला, पण पाहिलं. बाबा छताकडे बघत म्हणाले होते, “जहाज गोदीत घेतलं की खालून घासावंच लागतं. त्यात जहाजाला काही विचारत नाहीत.” ती हसली होती. हसता हसता तिच्या लक्षात आलं होतं की हा विनोद त्यांनी रात्रभर जुळवलेला असणार, तिला सोपं जावं म्हणून. तेव्हा ती चांगली मुलगी होती. चांगुलपणा कधी संपला? दूध नासतं तसं त्याला कळून येईल असा क्षण असतो का? चव घेईपर्यंत पातेलं तसंच दिसतं.

घरी पोचली तेव्हा खिडकी उघडी होती. सकाळी वास जावा म्हणून तिने ती जरा वेळ उघडली होती आणि तशीच निघून गेली होती. पडदा आत फडफडत होता. रजई घसरून जमिनीवर पडली होती आणि बाबा डाव्या हाताने चादरीचं टोक गळ्यापर्यंत ओढून पडले होते. ओठ निळसर. ते म्हणाले, आज शाळा लांबली का? ती हो म्हणाली.

शनिवारी सकाळी त्यांना ताप भरला. श्वासाला आवाज येऊ लागला, ओल्या कागदाची घडी उलगडावी तसा. तिने डॉक्टर मोकानूबाईंना फोन लावला. त्यांनी तो आवाज फोनवरच ऐकून घेतला आणि म्हणाल्या, छातीत उतरलंय, रुग्णवाहिका बोलवा, इस्पितळात ऑक्सिजन आहे, सलाईन आहे, वाचतीलही. घरी ठेवलंत तर मी गोळ्या सांगते, पण माझ्याकडून खात्री घेऊ नका. मग थोडं थांबून म्हणाल्या, त्यांची इच्छा काय आहे? त्यांची इच्छा देस्पिनाला तोंडपाठ होती. नाताळात त्यांनी तिला पलंगाशी बसवून, भिंतीवरच्या देवमातेच्या तसबिरीकडे बोट करून वदवून घेतलं होतं, की काहीही झालं तरी मला इस्पितळात न्यायचं नाही. तुझ्या आईला नेलं, परत काय आणलं आपण? एक पिशवी, तिच्यात चपला. ती म्हणाली होती, नाही नेणार. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं होतं.

दुपारी खालच्या मजल्यावरच्या फानिकाबाई वर आल्या. दारातच त्यांनी तिला मिठी मारली आणि मग आतून खोकला ऐकून दचकून मागे झाल्या. बाजारात कुणी तरी सांगितलं होतं की तनासे गेले, झोपेत गेले, मुलीने स्वतःच पारास्किवाला सांगितलं. “मी म्हटलं, असं कसं,” फानिकाबाई म्हणाल्या, त्यांचा आवाज जिन्यातही पुरेल असा, “काल सकाळी माझ्या डोक्यावर खोकत होते. मेलेला माणूस इतका खोकत नाही.” पारास्किवाला हल्ली ऐकू कमी येतं, असं काहीतरी देस्पिना म्हणाली. तेही खोटं. एक खोटं घरात आलं की आपल्या नातलगांना बोलावून घेतं. फानिकाबाई आत गेल्या, बाबांच्या कपाळाला हात लावला, आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. इस्पितळात काही नेऊ नकोस, त्या म्हणाल्या. तिथे कोण बसणार त्यांच्या उशाशी, शेवटच्या क्षणी हातात मेणबत्ती कोण देणार? अंधारात जातील बिचारे. बापाचा शब्द पाळ. त्यांनी जाड मेणबत्ती आणून टेबलावर ठेवली, आडवी, काडेपेटीसकट, आणि तिच्या गालावर थोपटून म्हणाल्या की अशी लेक सगळ्यांना मिळत नाही.

दार लागल्यावर देस्पिना स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. फोन मांडीवर. सगळं किती सोयीचं जुळून आलं होतं. तिला काहीच करायचं नव्हतं. बापाची इच्छा, देवमातेपुढे दिलेला शब्द, शेजारणीची साक्ष, डॉक्टरांनीही इच्छा विचारलेली. मोहाला शिंगं असतील, गंधकाचा वास असेल, असं तिलाही कधी वाटलं नव्हतं. पण तो इतका सभ्य असेल, आज्ञाधारक मुलीचे कपडे घालून, केस नीट विंचरून येईल, हे तिने वाचलेलं असूनही ओळखलं नसतं, जर काल ती त्या वाळूपुढे उभी राहिली नसती. रानात येशूला भुलवतानाही त्याने शास्त्रवचनंच म्हणून दाखवली होती. तिने शब्द पाळला असता तर कुणी बोट दाखवू शकलं नसतं. फक्त तिलाच माहीत असतं की ती बापाचं ऐकत नव्हती, त्या मोकळ्या खोलीचं ऐकत होती. मग लाव फोन, तिने स्वतःला सांगितलं. बोट आकड्यांवर गेलं आणि तिथेच थांबलं. कारण हेही आता स्वच्छ नव्हतं. नको म्हणणाऱ्या माणसाला उचलून, सुया टोचून, परक्या दिव्यांखाली नेऊन टाकायचं, कशासाठी? आपल्या हाताला लागलेलं मेण निघावं म्हणून. त्याच्या अंगावर आपलं पाप धुवायचं. दोन्ही दारांशी तीच उभी होती. जिकडे जावं तिकडे आपलाच चेहरा.

लहानपणी ईस्टरआधी आई तिला पापनिवेदनाला न्यायची. बाबा कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य, नोकरी बंदरावर, चर्चच्या दारात दिसणं परवडणारं नव्हतं. ते रस्त्यापलीकडे तंबाखूच्या टपरीमागे सिगारेट ओढत उभे राहायचे, जणू ह्या दोघी कोण हे त्यांना ठाऊकच नाही. आत फादर तिच्या डोक्यावर आपल्या गळ्यातला भरजरी पट्टा टाकायचे. त्याखाली अंधार आणि जुन्या कापडाचा, धुपाचा वास, आणि त्या अंधारात ती पापं सांगायची. मुरांबा चोरून खाल्ला. आईला उलट बोलले. ती सगळी बनवलेली असायची. खरी पापं कुठली ते तिला माहीत होतं, पण ती सांगण्याजोगी नव्हती, आणि मुरांब्याचं फादरना आवडतं, ते हसून लगेच सोडतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. क्षमा मिळायची ती त्या मुरांब्याला. बाहेर आल्यावर बाबा लांबूनच, ओळख न दाखवता मागे चालत यायचे आणि घराच्या कोपऱ्यावर गाठून विचारायचे, काय, उतरवला सगळा माल? ती हो म्हणायची. इतकी वर्षं ती हो म्हणत आली. उद्या रविवारी फादरांपुढे जाऊन ती बहुतेक हेही सांगेल, नीट वाक्यांत, थोडं वरवर, आणि तेही मुरांब्यासारखंच होईल. ज्याच्या विरुद्ध केलं तो तर इथे आहे, दोन भिंतींपलीकडे, आणि तो अजून ऐकू शकतो.

ती उठली. बाबांचे डोळे उघडे होते. तिने खुर्ची ओढली नाही, पलंगाशी जमिनीवरच बसली, म्हणजे तोंड त्यांच्या तोंडासमोर येईल.

तिने सांगितलं. एका लयीत सांगता आलं नाही. आधी खिडकी सांगितली, मग मेणबत्ती, मग पुन्हा खिडकी. हात चुकला हे सांगितलं, आणि मग चूक दिसल्यावर हात खिशात घातला, हेही. बरं वाटलं, हे सांगताना तिचा आवाज गेला आणि तिला तो शब्द दुसऱ्यांदा म्हणावा लागला. पारास्किवाला काय म्हटलं ते सांगितलं. अक्रोडाच्या वडीचं मात्र सांगता आलं नाही. मी तुमच्या मरणाची वाट पाहत उभी होते, हे सांगता आलं, वडी खाल्ली हे नाही.



“झोपेत गेलो म्हणालीस?” बाबा म्हणाले.

“हो.”

“बरं केलंस. पारास्किवाच्या नवऱ्याला वाटायचं मी पाण्यातच मरणार.” त्यांना हसू आलं, त्याचा खोकला झाला, तिने त्यांना धरून उठवलं, पाठीवर हात फिरवला, पुन्हा टेकवलं. “तुझी आई काल दाराशी आली असेल. म्हणाली असेल, आलात, आता पाय पुसून घ्या.”

“खिडकी मीच उघडी टाकली, बाबा.”

“वास येत होता. मलापण येत होता.”

त्यांनी डावा हात हलवला, तिच्या डोक्यापर्यंत पोचला नाही, उशीवरच राहिला.

“देस्पा. डॉक्टरला बोलाव.”

तिला वाटलं ते बरळताहेत. तिने नाताळातल्या शब्दाची आठवण दिली.

“म्हणालो होतो,” ते म्हणाले. “तेव्हा बरा होतो मी. बरा माणूस काय वाटेल ते बोलतो.” मग डोळे छताकडे वळवून, पुसताना वळवायचे तसे, हळू आवाजात म्हणाले, “मला नाही जायचं गं अजून. ह्या वयात सांगायला लाज वाटते.”

“मग सकाळपासून का नाही सांगितलंत?”

“तू दमली आहेस,” ते म्हणाले. “दिसतं मला.”

तिने फोन लावला. पत्ता सांगितला, मजला सांगितला, लिफ्ट नाही हे सांगितलं. पलीकडचा माणूस विचारत होता, रुग्ण शुद्धीवर आहे का, येण्याची त्यांची तयारी आहे का, आणि तिने आहे म्हटलं, आणि ते म्हणताना तिला कळलं की आज दिवसभरात आपण बोललेलं पहिलं सरळ वाक्य हेच. मोह गेला नव्हता. तो तिच्यासोबत खोलीतच होता, खिडकीशी, काही न बोलता. पुढे बाबांना एक उन्हाळा मिळाला, त्यात कलिंगडं होती, पुसणं होतं, रात्री मारलेल्या हाका होत्या, आणि तो मोह अनेकदा परत आला. कधी तिने त्याला ओळखलं, कधी नाही. पण त्या शनिवारी एवढंच होतं की रुग्णवाहिका निघाली होती आणि बाबांना तयार करायचं होतं.

त्यांनी दात मागितले. मग कंगवा. लोकांत जायचं तर असं कसं, म्हणाले. तिने लोकरीचे मोजे चढवले, स्वेटरची रिकामी बाही ओढून तिच्यात न ऐकणारा हात घातला. माणसं चादरीवर घालून नेतील, बूट लागणार नाहीत, असं तिने सांगितलं. ते ऐकेनात. माणूस बूट घालून जातो तो परत यायच्या बोलीवर, असं काहीसं पुटपुटले. तिने कपाट उघडलं. खाली दोन जोड होते. काळा, कोरा, आई असती तर तिने स्वतः पॉलिश केला असता असा, कागदात गुंडाळलेला, दफनाच्या दिवसासाठी काळ्या सुटाखाली जपून ठेवलेला. आणि तपकिरी, टाचेला झिजलेला.

“तपकिरी,” मागून बाबा म्हणाले. तिने अजून हात लावला नव्हता.

ती त्यांच्या पायाशी गुडघ्यांवर बसली. पाय सुजले होते, बूट जाईनात. तिने नाड्या पार खालपर्यंत सैल केल्या, जीभ बाहेर ओढली, टाच तळहातावर घेऊन हळूहळू आत सरकवली. दुखलं असणार. खाली जिन्यात माणसांचे आवाज येऊ लागले, चौथा मजला म्हणून कुणी तरी कुरकुरत होतं, फानिकाबाई दार उघडून विचारत होत्या की काय झालं, कुणाला नेताय. नाडीची दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचत नव्हती. देस्पिनाने ती सोडली, पुन्हा खालपासून ओवायला घेतली, वरची दोन भोकं मोकळी ठेवून.

“फार आवळू नकोस,” बाबा म्हणाले.

“नाही,” ती म्हणाली, आणि मान वर न करता गाठ मारली.